कामगारांच्या बिलावर कामगाराला तीन मिनिटं तरी द्या

आमच्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत कामगारांचं किंवा दुकानदारी-कारखानदारीचं कुठलंही बिल आलं की ते आधी आमदारांच्या समितीकडे गेलं पाहिजे, समितीनं दार उघडं ठेवून सुनावणी घेतली पाहिजे, आणि ज्याला बोलायचंय त्याला, मग तो इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातला ऑपरेटर असो की सांवेर रोडच्या औद्योगिक भागातला छोटा सेठ, दोन-तीन मिनिटं बोलू देऊन ते लिहून ठेवलं पाहिजे. माझं म्हणणं बस एवढंच आहे. पण इंदूरात ज्याला ज्याला हे सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी हसण्यावारी नेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं काम लेबर लॉच्या कागदपत्रांचं. पीएफ, ईएसआय, हजेरीचे रजिस्टर, रिटर्न, नोटीस आली की तिचं उत्तर. गिऱ्हाईक सगळे छोटे, वीस माणसांपासून फार तर दीडशे माणसांपर्यंतचे. कायदा बदलला की पहिला फोन मला येतो, काय भिया, हे नवीन काय आलंय, आणि खरं सांगायचं तर मलाही ते त्याच सकाळी पेपरातून कळलेलं असतं. म्हणजे ज्यांच्यावर कायदा लागणार ते मजूर, ज्यांनी तो पाळायचा ते मालक आणि ज्यानं त्याचे फॉर्म भरायचे तो मी, तिघांनाही बातमी एकाच वेळी, आणि तीही बिल पास झाल्यावर.

माझी भाची अमेरिकेत ओरेगन राज्यात असते, तिच्यामुळे तिथल्या सिनेटच्या लेबर अँड बिझनेस कमिटीच्या सुनावण्या बघायची सवय लागली. हो, एकच समिती कामगार आणि धंदा दोन्ही बघते, आणि हे मला फार पटलं, कारण ओवरटाइमचा नियम बदलला की तो मजुराच्या पाकिटात आणि मालकाच्या वहीत एकाच वेळी उतरतो. त्या राज्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या आसपास, आपले इंदूर आणि उज्जैन दोन जिल्हे मिळून त्याहून जास्त भरतील. सेलम नावाच्या गावात राजधानी. तिथे बिल आलं की समितीच्या सुनावणीची तारीख वेबसाइटवर लागते, कुणीही नाव नोंदवायचं, हजर राहून बोला नाहीतर घरून व्हिडिओवर बोला, अध्यक्ष घड्याळ लावून बसलेला असतो, वेळ झाली की थांबवतो. बोलायचं नसेल तर लेखी द्या, सुनावणी सुरू झाल्यापासून ४८ तासांपर्यंत लेखी म्हणणं घेतात. आणि ते सगळं, कुणाच्या बाजूचं आणि कुणाच्या विरोधातलं, त्या बिलाच्या पानावर चिकटतं आणि तिथेच राहतं.

आता कुणी म्हणेल त्यानं होतं काय. २०२२ चं त्यांचं एक बिल घ्या, शेतमजुरांच्या ओवरटाइमचं. शेतमजुराला आठवड्यात कितीही तास राबवलं तरी ओवरटाइम नाही अशी तिकडे जुनी पद्धत, ती मोडायची होती. मजूर म्हणत होते कारखान्यात ४० तासांनंतर दीडपट मिळतो तर आम्हाला का नाही. शेतवाले म्हणत होते की फळाची तोडणी काही आठवडा बघून येत नाही, एकदम ४० तास केले तर आम्ही बसलो. शेवटी कायदा झाला तो असा की २०२३ आणि २०२४ ला ५५ तासांनंतर ओवरटाइम, २०२५ आणि २०२६ ला ४८ तासांनंतर, २०२७ पासून ४० तासांनंतर, आणि मधल्या काळात मालकांना टॅक्समध्ये सवलत. ज्यानं कुणी ही पायरी-पायरीची रचना केली त्याच्या कानावर दोन्ही बाजूंचा हिशोब नीट गेलेला होता हे ती रचनाच सांगते. मजुरांच्या संघटना पूर्ण खूश नव्हत्या, शेतवाले तर नाहीच.

२०२५ ला दुसरं आलं, संपावर असलेल्या कामगाराला बेरोजगार भत्ता द्यायचा. आपल्याकडे असलं बिल कुणी मांडेल का हा प्रश्न सोडा, पण तिथेही मोठा वाद झाला, शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांनी सांगितलं की शिक्षक संपावर गेले तर त्याचा खर्च आमच्याच बजेटमधून जाईल. बिल दोन सभागृहांत अडकलं, मग दोन्हीकडच्या लोकांची समिती बसली आणि भत्ता फार तर १० आठवडे असं ठरलं. गव्हर्नर टीना कोटेक यांनी सही केली, १ जानेवारी २०२६ पासून लागू. तो कायदा चांगला की वाईट हे मी इथे सांगत नाही. शाळावाल्यांची अडचण कायदा व्हायच्या आधी टेबलावर आली, एवढंच दाखवतोय.

आता आपल्याकडे या.

राज्यांच्या विधानसभा वर्षाला वीस-बावीस दिवस भरतात, आणि पीआरएस नावाची जी संस्था या गोष्टी मोजते तिचे गेल्या काही वर्षांचे आकडे बघितले तर राज्यांमधली जवळपास निम्मी बिलं ज्या दिवशी मांडली त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पास होतात. समितीकडे जाणारी अगदीच थोडी. केरळमध्ये १९८० पासून विषय समित्या आहेत आणि बिलं तिकडे जातात, म्हणजे हे भारतात जमतच नाही असं नाही. आमच्याकडे भोपाळलाही नियमात प्रवर समितीची, म्हणजे एखादं बिल तपासायला नेमायच्या आमदारांच्या समितीची, सोय आहे, महाराष्ट्रात तिलाच चिकित्सा समिती म्हणतात. सोय आहे, पण वापरायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर.

घाईत केलं की काय होतं याचं सगळ्यात भारी उदाहरण तमिळनाडूचं. २१ एप्रिल २०२३ ला त्यांनी कारखान्यात १२ तासांची शिफ्ट चालेल असं बिल पास केलं. मित्रपक्ष चिडले, युनियन चिडल्या, तीन दिवसांत सरकारनं ते थांबवलं आणि १ मेच्या दिवशी मुख्यमंत्री स्टालिन यांनी मागे घेतल्याचं जाहीर केलं. पास केलं आणि दहा दिवसांत परत घेतलं. या युनियन काही २२ तारखेला जन्मल्या नव्हत्या. एक आठवडा आधी बोलावून विचारलं असतं तर हेच ऐकायला मिळालं असतं, सरकारचीही अब्रू वाचली असती.

आणि गुजरात. माझे साडू बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, सुपरवायझर होते, आता रिटायर झाले पण तिकडचं सगळं त्यांना ठाऊक असतं. गुजरात सरकारनं एप्रिल २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन नोटिफिकेशन काढलं की १२ तास काम आणि जादा तासांचे पैसे दुप्पट नाही, साध्या दरानं. सुप्रीम कोर्टानं १ ऑक्टोबर २०२० ला ते रद्द केलं आणि त्या काळातला ओवरटाइम कामगारांना द्या म्हणून सांगितलं. मग २०२५ ला जुलैमध्ये वटहुकूम काढून १२ तास परत आले, यावेळी नीट बांधून, म्हणजे आठवड्याचे ४८ तास तेच, ओवरटाइम दुप्पट, पण तीन महिन्यांत ओवरटाइमची मर्यादा ७५ तासांवरून १२५ वर, आणि कामगाराची लेखी संमती पाहिजे. सप्टेंबरमध्ये तीन दिवसांचं अधिवेशन झालं त्यात ते बिल पास. म्हणजे विधानसभेसमोर यायच्या आधीच तो कायदा कारखान्यात लागू झालेला होता!

या लेखी संमतीवर मला जरा थांबायचंय, कारण माझा रोजचा संबंध याच कागदांशी. नोकरीच्या पहिल्या दिवशी पोरगा येतो, त्याच्यासमोर दहा-बारा फॉर्म ठेवतात, पीएफचं नॉमिनेशन, बँकेचं, ओळखपत्राचं, युनिफॉर्मचं, आणि तो खूण केलेल्या जागी सह्या करत जातो, त्याला गेटपास पाहिजे असतो. त्यातच एक कागद ओवरटाइमच्या संमतीचा घातला की झाली लेखी संमती. वाचलं कुणी? आणि वाचून नाही म्हटलं तर? ठेकेदाराचा माणूस असेल तर उद्या गेटवर दुसरा उभा असेल. आता हेच जर सुनावणीत एखाद्या सुपरवायझरनं किंवा माझ्यासारख्या फॉर्मवाल्यानं उठून सांगितलं असतं तर कायदा करणाऱ्याला दोन ओळी जास्त लिहाव्या लागल्या असत्या, की संमती जॉइनिंगच्या दिवशी घ्यायची नाही, दर तीन महिन्यांनी वेगळी घ्यायची, आणि ती परत घेता आली पाहिजे. साडूंचं म्हणणं तर अजून साधं आहे, ते म्हणतात १२ तासांची शिफ्ट रात्री सुटल्यावर माणूस घरी कसा जाणार ते आधी विचारा, सिटी बस कुठवर आहे ते विचारा. हे असले प्रश्न सचिवालयात बसून सुचत नाहीत, त्यात सचिवांचा दोष नाही, ते गाडीनं घरी जातात.

आमच्या मध्य प्रदेशानं तरी वेगळं काय केलं. मे २०२० मध्ये वटहुकूम काढला, स्टँडिंग ऑर्डरचा कायदा आधी ५० च्या वर कामगार असलेल्या ठिकाणी लागायचा तो १०० च्या वर नेला. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे कामावर घ्यायचं कसं, काढायचं कसं, सुट्टी किती, शिक्षा काय याचे लिखित नियम. ५० ते १०० च्या मधले कारखाने म्हणजे बघा, सांवेर रोडला आणि पोलोग्राउंडला असे कितीतरी. गंमत म्हणजे त्यातल्या काही मालकांनीच मला विचारलं होतं की आता नियम नाहीत तर माणूस काढायचा कसा, कोर्टात काय दाखवायचं? लिखित नियम मालकालाही आधार असतात हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. पण त्यांना विचारलं कुणी?

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. लोक समजतात सुनावणी ही कामगारांच्या फायद्याची, युनियनवाल्यांची मागणी. उलट आहे. मोठ्या उद्योगाचा माणूस भोपाळला जाऊन मंत्र्यांना भेटतो, ग्लोबल इन्व्हेस्टर्स समिटमध्ये पहिल्या रांगेत बसतो, त्याची सुनावणी रोजच चालू असते, फक्त ती बंद दाराआड असते आणि तिची नोंद कुठे नसते. ज्याची कुठेच सुनावणी नाही तो साठ माणसांचा छोटा कारखानदार, सियागंजचा व्यापारी, टिफिन सेंटर चालवणारी बाई, ठेकेदाराकडचा हेल्पर. उघड्या सुनावणीत मोठा सेठही तेच बोलेल जे बंद खोलीत बोलला, पण आता बाकीच्यांसमोर बोलावं लागेल, आणि त्याच्यानंतरच्या तीन मिनिटांत त्याचाच कामगार बोलेल. एवढ्यानं खूप फरक पडतो.

बरं, आधी न ऐकल्यानं भांडण टळतं असंही नाही. ते कोर्टात जातं. आमच्याकडे १ एप्रिल २०२४ पासून किमान वेतन वाढवलं, कित्येक वर्षांनी वाढलं होतं, तर उद्योगवाले हायकोर्टात गेले आणि इंदूर खंडपीठानं स्थगिती दिली. ती डिसेंबरमध्ये उठली. मधले महिने माझ्याकडे रोज हाच विषय, वाढीव द्यायचं की जुनं, दिलेलं परत कापायचं का, एरियर कोण देणार. आणि लक्षात घ्या, किमान वेतनाच्या १९४८ च्या जुन्या कायद्यात तर विचारायची पद्धत होती, एकतर समिती नेमा नाहीतर प्रस्ताव राजपत्रात छापून दोन महिने थांबा. पण राजपत्रात छापणं म्हणजे ऐकणं असं कोण म्हणेल? राजपत्र वाचतो कोण, मी वाचतो, कारण माझं पोट त्यावर आहे.

अजून एक विचित्र गोष्ट सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. या संहितांखाली राज्यांनी जे नियम करायचे त्यांचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या अशी कायद्यातच अट आहे. म्हणजे फॉर्मचा नमुना कसा असावा, रजिस्टरला कॉलम किती यावर जनतेला आधी विचारणं सक्तीचं. पण विधानसभा स्वतः जो कायदा करते, माणसाला काढायला परवानगी लागेल की नाही, शिफ्ट आठची की बाराची, त्यावर आधी विचारायची सक्ती कुठेही नाही. केंद्रानं २०१४ मध्ये एक धोरण केलं होतं की बिलाचा मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, पण ते केंद्राच्या मंत्रालयांपुरतं, आणि तेही धोरण, कायदा नाही. छोट्या गोष्टीला पहारा आणि मोठी उघडी.

हसण्यावारी नेणाऱ्यांचे मुद्दे मात्र सगळेच हसण्यासारखे नाहीत. एक मित्र म्हणाला की महाराष्ट्रात जनसुरक्षा बिलावर संयुक्त चिकित्सा समिती बसली, १२ हजारांच्या वर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ ला बिल मोजके बदल करून पास झालंच ना. खरं आहे. समिती म्हणजे जादू नाही, बहुमत असलं की सरकार आपलंच करणार. पण त्या सूचनांमुळे बदल मोजके का होईना झाले, आणि कोणती हरकत आली होती आणि सरकारनं ती मानली नाही हे आता कायमचं लिहिलेलं आहे, पुढे कोर्टात त्याचा उपयोग होतो, पुढच्या निवडणुकीत होतो. शिवाय पक्षाचा व्हिप, म्हणजे असंच मत द्या हा आदेश, सभागृहातल्या मतदानाला लागतो, समितीच्या खोलीत लागत नाही. सत्ताधारी आमदार सभागृहात तोंड उघडू शकत नाही तो समितीत निदान प्रश्न तरी विचारू शकतो. संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीनं संहितांवर काढलेले अहवाल वाचा, सगळ्या पक्षांचे लोक होते आणि बरेच टोकाचे प्रश्न त्यात आहेत. ते सगळे मानले गेले नाहीत, ही दुसरी गोष्ट.

दुसरा आक्षेप नाटकाचा. ओरेगनमध्येही नाटक असतंच, मी बघितलंय, एकाच मजकुराची शंभर पत्रं, भाड्यानं आणल्यासारखे वक्ते, समितीचा एखादा सदस्य मोबाइलमध्ये. तरी शंभर नाटकी माणसांमध्ये एखादी कॅनिंगच्या कारखान्यातली बाई येते आणि शिफ्टचं टाइमटेबल आदल्या रात्री हातात पडलं की मुलाला कुठे ठेवायचं ते सांगते आणि खोली गप्प होते. त्याच राज्यानं २०१७ मध्ये मोठ्या दुकानांना आणि हॉटेलांना शिफ्टचं वेळापत्रक आधी द्यायची सक्ती केली, अख्ख्या राज्याला लागू असा तो अमेरिकेतला पहिला कायदा.

तिसरा आक्षेप उशिराचा, गुंतवणूक पळून जाईल वगैरे. इंदूरात बसून हे ऐकताना मला गंमत वाटते. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ ला बंद पडली, कामगारांना त्यांच्या हक्काचे २२४ कोटी मिळाले डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. तोवर किती लोक परदेशीपुऱ्यातून आणि मालवा मिलच्या गल्ल्यांतून गेले. जिथे माणसाला स्वतःचे पैसे मिळायला बत्तीस वर्षं लागतात तिथे सहा आठवडे समितीला दिले तर राज्य बुडत नाही. आणि घाईनं केलेलं टिकतं तरी कुठे, २०२२ ला इंदूरात बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेल्या, रस्त्यावर बाजार रात्रभर उघडा ठेवायचा आदेश निघाला, २०२४ ला तो मागे घेतला. पहिल्या वेळी रात्री काम करणाऱ्या पोरांना विचारलं नाही, दुसऱ्या वेळी ज्यांनी त्यासाठी गुंतवणूक केली त्या दुकानदारांना. तो कायदा नव्हता, आदेशच होता, पण सवय तीच.

जुन्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये धारासभा, म्हणजे संस्थानचं कायदेमंडळ, काढली हे आमचे साडू दर भेटीत ऐकवतात, पण तिला सल्ला देण्यापलीकडे फारसा अधिकार नव्हता. आणि इंदूरनं १९६२ ला होमी दाजींसारख्या मजुरांच्या नेत्याला अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं, तेव्हा मजुरांचं बोलायला माणूस होता. आता मिल नाहीत, मिलसारख्या युनियन नाहीत, कामगार विखुरलेला आहे, अर्धा ठेकेदाराकडे, अर्धा बाइकवर डिलिव्हरी करतोय. त्याच्या वतीनं बोलणारा कुणी उरला नसेल तर त्याला स्वतःला बोलायची जागा पाहिजे. कर्नाटकनं गिग कामगारांच्या, म्हणजे अॅपवरून डिलिव्हरीसारखी कामं करणाऱ्यांच्या, बिलाचा मसुदा जून २०२४ मध्ये लोकांसमोर ठेवला, मुदत फार थोडी दिली, पण ठेवला तरी.

आमच्या विधानसभेनं करायचं ठरवलं तर अवघड काही नाही. कामगार आणि उद्योग यांची मिळून एक कायम समिती, प्रत्येक बिल तिच्याकडे गेलंच पाहिजे असा नियम, वटहुकूम काढला असला तरी. हिंदीत बोला, मराठीत बोला, निमाडीत बोला, लिहून घेणारा बसवा. आणि मंत्र्यांनी सभागृहात उत्तर देताना कुठली सूचना का मानली नाही हे सांगायचं. अडचण खरी एकच आहे आणि ती मोठी आहे, पिथमपूरचा माणूस भोपाळला गेला तर त्याचा दिवसाचा खाडा होणार आणि गेल्याचं कळलं तर कदाचित नोकरीही. म्हणून साक्ष द्यायला गेलेल्याचा पगार कापायचा नाही आणि त्याला त्यावरून काढायचं नाही हे त्याच नियमात लिहावं लागेल, नाहीतर तिकडे फक्त माझ्यासारखे सल्लागार आणि असोसिएशनचे सेक्रेटरीच बोलत बसतील. विधानसभेच्या समित्या दौऱ्यावर जातातच, तर ही समिती पिथमपूरला आणि भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यांकडे येऊन बसू दे, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आणि नावनोंदणीचा फॉर्म एका पानाचाच ठेवा म्हणावं, भरून द्यायला मी फुकट बसतो.